हेमा, निवट्यांचं सांगायचं राहिलं

हेमा, आधी तुझ्याशी भांडते, रडायचं मग बघू. रविवारी येते म्हणालीस आणि शुक्रवारीच गेलीस, ही काय रीत झाली? "वहिनी, गाळाचा रिझल्ट आलाय. फोनवर नको, रविवारी येते, समोर बसून सांगते." एवढं बोललीस आणि फोन ठेवलास. मी तिथेच, फोनच्या स्टुलापाशी, हातात ओलं फडकं घेऊन उभी. समोर बसून काय सांगतात गं माणसं? पोरगी पास झाली, नोकरी लागली, हे आपण फोनवर ओरडून सांगतो. चांगलं कोणी रविवारपर्यंत झाकून ठेवतं का? दोन रात्री मी नुसती कूस बदलत होते. आणि शुक्रवारी दुपारी फोन वाजला तो तुझ्या प्रयोगशाळेतल्या मुलीचा. डोक्यातली नस फुटली, म्हणाली. मला आधी वाटलं, कुठल्या मशीनचं सांगतेय.

काल तुझं बारावं झालं. पाहुणे पांगले, मांडवाचे बांबू गेले. तुझा दादा कामतघरला लूमवर ड्युटीला गेलाय, घरात बसवत नाही म्हणाला. रेश्मा बाळंतपणाला माहेरी आलीय, ती आत पडलीय, डाव्या कुशीवर, डॉक्टरबाईंनी सांगितलं तशी. आठवा लागलाय तिला. आणि तुझी आय फोनच्या स्टुलापाशी भिंतीला टेकून बसलीय, सकाळपासून हलत नाही. मी बालवाडीत गाणी शिकवणारी बाई, लिहायची सवय ती एवढीच. पण बोलायला गेले की घरात कोणीतरी रडतं, म्हणून लिहितेय.

सुतकाच्या दिवसांत लोक काय काय बोलले, ते तुला कळलं असतं तर पोट धरून हसली असतीस. शेलारची मावशी, तीच ती, सगळ्यांच्या घरातलं हिला आधी ठाऊक, पदर डोळ्याला लावून म्हणते, "किरणांचा काम कराची ना पोर, त्या किरणांनीच खाल्ली तिला." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मावशी, ती किरणं सोडत नव्हती, गाळातली मोजत होती. आणि त्या चिखलातून निघतात तसली किरणं थोडी थोडी तुमच्या अंगातूनही निघतात, माझ्याही निघतात, म्हणून काय आपण मेलोय का? मावशी दचकून स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. हे तूच मला सांगितलेलंस, केळं खाता खाता. मावशीसमोर फणकारले खरी, पण मोरीत गेल्यावर मलाही भीती वाटली गं. खरंच नाही ना? तसं काही नव्हतं ना? डॉक्टर म्हणाले, रक्तदाब होता, गोळ्या वेळेवर घेत नव्हत्या. गोळ्या का घेत नव्हतीस, हा दुसरा भांडणाचा मुद्दा. तो राहू दे.

मी अंबाडीकडची. आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा मळ्या, नाहीतर बाजारची सुकट. लग्न होऊन या खाडीकाठी आले तेव्हा तू शाळेतली पोर, दोन वेण्या आणि गुडघ्यापर्यंत चिखल. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर परातीत निवट्या, चिखलातले ते जिवंत मासे, ओतल्यास. डोळे डोक्यावर आणि उड्या मारतात मेल्या! मी किंचाळून पाटावर चढले, सगळं घर हसलं. मग तूच माझा हात धरलास, राख लावून निवटी कशी पकडायची, कशी साफ करायची, दाखवलंस. "वयनी, डोल्याकडं बघू नको, मंग न्हाय भ्या वाटत." माझं पहिलं निवट्यांचं कालवण तू तीनदा वाढून घेतलंस. खारट झालं होतं, हे वीस वर्षांनी बोललीस.

रेश्माचं उष्टावण झालं, दात आले, तसा मी याच खाडीचा मासा काटे काढून काढून तिला भरवला. डोळे चांगले होतात, डोकं चालतं, असं आय सांगायची, आणि तू समोर बसलेली असायचीस, त्याचा पुरावा. गावातली पहिली एमएस्सी झालेली मुलगी! तुझा दादा तेव्हा लोकांना उगाच थांबवून सांगायचा.

मग तो जुलैचा पूर आला. वरून नदी फुगली, खालून खाडीला उधाण, मध्ये आपण. तुला फोन लागत नव्हता आणि आम्ही माळ्यावर बसून होतो. रेश्मा तेव्हा माहेरी आलेली, तिसरा महिना. पाणी उतरलं आणि राहिला तो चिखल. घरात, शेतात, तळ्यात, तिवरांच्या झाडीत, सगळीकडे लालसर गाळ आणि वर तेलाचा तवंग. कुठल्या कारखान्याची पिंपं वाहून आली, कुठल्या गोदामातला रंग, कोणालाच ठाऊक नाही. आम्ही आठवडाभर त्या चिखलात उभं राहून घर धुतलं. रेश्मालाही मी आवरलं नाही, ती ऐकणारी आहे का! मासा पुन्हा मिळायला लागल्यावर सगळ्यांनी हावरटासारखा खाल्ला. आणि नवरात्रात रेश्माचं राहिलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, होतं असं. आय म्हणाली, नजर लागली. सासरचे काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मला मात्र खाडीशिवाय दुसरं काही दिसेना. पाणी आणायला गेले तरी तिच्याकडे बघत राहायचे, हिनेच केलं का म्हणून. दिवाळीला तू आलीस तेव्हा फराळाचं ताट तुझ्यापुढे ठेवायच्या आधी विचारलं, "हेमा, तुझी ती मशीन सांगेल का गं? पुरानं काय आणून टाकलंय ते?"

तेव्हा तुझ्याकडे कुठून कुठून गाळ येत होता. त्सुनामीची लाट येऊन गेली, तिकडच्या किनाऱ्यावरचा चिखल डब्यांत भरून तुझ्या टेबलावर. मला गंमत वाटायची, एवढं शिकून शेवटी चिखलातच हात. तू म्हणालीस, "लाट असो, पूर असो, वहिनी, नंतर लोक एकच विचारतात. हे आत्ता झालं, की आधीपासूनच होतं? डोळ्याला सगळा चिखल सारखाच दिसतो. म्हणून त्याचं वय काढायचं."

मला समजावताना तू कधी चिडली नाहीस, हे तुझं मोठेपण. आकाशातून एक प्रकारचं शिसं पडतं म्हणालीस. अगदी किंचित, रोज, सगळ्या जगावर, पावसासोबत. ते गाळावर बसतं आणि किरणं सोडत सोडत विरत जातं, ठरलेल्या वेगानं. जितकं विरलेलं, तितका तो थर जुना. मी म्हटलं, "म्हणजे आय सुकटीचा वास घेऊन सांगते, यंदाची की गेल्या सालची, तसंच ना?" तू चकली तोंडात धरून टाळी दिलीस. आणखी एक खूण सांगितलीस. तू जन्मलीस त्या सुमारास मोठ्या देशांनी अणुबॉम्ब उडवून पाहिले, त्याची धूळ सगळ्या जगावर पसरली, आपल्या खाडीतसुद्धा. "माझ्या जन्माची खूण जगभरच्या चिखलात आहे, वहिनी, मी काय साधी बाई नाही!" मग म्हणालीस, खाडीत पाइप ठोकून उभा गाळ काढू, वड्या पाडतात तसे काप करू, एकेक काप शिशाच्या जाड पेटीत ठेवून किरणं मोजू. आधी वय कळेल, मग त्याच कापात विष किती ते बघू. पुराच्या थरातच असेल तर पुरानं आणलं. खालीही असेल तर आधीचं.

तू यायचं ठरलं आणि घरात लगीनघाई. मला शाळेत जायचं होतं, मी गेले. मागे आयनं काय केलं! लेक साहेब होऊन येतेय, बरोबर चार शिकलेली माणसं, ती बंधाऱ्याजवळच्या घाणीत पाय घालणार? आयनं शेजारच्या बाया जमवल्या, घमेली घेतली आणि तू सांगितलेल्या जागेवरचा पुराचा गाळ पार खरवडून काढला. प्लास्टिक वेचलं, फावड्यानं जमीन चोपली, पाय रुतू नयेत म्हणून विटांचे तुकडे पसरले. वर रांगोळी! खाडीला नारळ आणि हळदकुंकू, ते वेगळंच.

तू रिक्षातून उतरलीस, पाइप रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. कामतघरपासून रिक्षावाला विचारत होता म्हणे, "मॅडम, बोरिंग कराना है क्या?" तू हसत हसत बंधाऱ्यावर आलीस आणि थांबलीस. रांगोळीकडे बघत राहिलीस. आय पदरानं हात पुसत पुढे, "बघ गो, कसा लखलखीत केला!" ज्या थरासाठी एवढा खटाटोप, तोच घमेल्यांनी उचलून खाडीत फेकलेला. मग तुझा आवाज चढला. आयवर चढलेला तुझा आवाज मी तेवढाच ऐकला. "अगं आय, तीच घाण तर मला पायजे होती!" आय कावरीबावरी झाली. "घान कोन मागतं?" म्हणाली. तू बंधाऱ्यावर बसलीस, मला वाटलं रडतेयस, जवळ आले तर खांदे हसून हलत होते. हसत होतीस आणि डोळ्यांतून पाणीही. बरोबरच्या मुलांनी रांगोळीचा फोटो काढला.

आय मात्र कित्येक दिवस घुम्यासारखी होती. मला विचारायची, "साफ केला तं काय चुकला?" मी काय सांगणार? पाहुणा येणार तर अंगण सारवायचं, एवढंच आपल्याला माहीत.

पुढच्या हिवाळ्यात तू परत आलीस आणि तिवरांच्या आत, जिथे कोणी जात नाही, तिथला गाळ काढून नेलास. मी बांधावर उभी होते. कमरेएवढ्या चिखलात तू आणि ती मुलं. पाइप वर येताना तो ओला फुसकन आवाज झाला आणि तू ओरडलीस, "आला, अख्खा आला!" बारशाला पोर बाहेर आणतात तसा तो चिखलाचा पाइप दोन्ही हातांवर घेऊन आलीस. मला त्या क्षणी तुझा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मी बांधावरूनच विचारलं, "आता सांगशील ना, रेश्माचं का गेलं ते?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू हातपाय धुवून आत आलीस आणि स्वच्छ सांगितलंस, "वहिनी, हे चिखलाचं वय सांगेल, त्यात काय आहे ते सांगेल. कोणाची कूस का रिकामी झाली, ते नाही सांगणार." मी म्हटलं, मग उपयोग काय? तू म्हणालीस, मला माहीत नाही ते मी कसं सांगू? मला भयंकर राग आला. एवढी शिकलीस, एवढ्या पेट्या, एवढी यंत्रं, आणि शेवटी माहीत नाही? "आमच्या पोरीचं दुःख तुला डब्यात भरण्यापुरतंच!" असंही बोलले मी. तू चहा न घेता निघालीस. नंतर फोन झाले, सणवार झाले, तू रेश्माला ड्रेस आणलास, पण तो विषय दोघींनी काढला नाही.

आज वाटतं, त्या काळात माझ्याशी खोटं न बोललेली तू एकटी. बाकी सगळ्यांनी मला काही ना काही हातावर ठेवलं, कोणी नजर, कोणी नशीब, कोणी बायकांच्या अंगातली उष्णता. तू काहीच ठेवलं नाहीस आणि माझ्या रागाला तोंड दिलंस. हे रविवारी बोलणार होते. रेश्मासमोर नाही, तू हात धुवायला मागे विहिरीवर जातेस ना, तिथे. थँक्यू वगैरे आपल्यात कोण म्हणतं! पण काहीतरी बोलले असते.

रेश्मा पुन्हा गरोदर राहिली आणि माझ्या जिवाला परत घोर लागला. बाळंतपणाला आणली घरी. मेथी, वरण, भाजी, अंडं, सगळं केलं, बाजारचा सुरमईचा तुकडासुद्धा दिला. तर बाईसाहेबांना डोहाळा कसला? निवट्यांचा! "आई, आत्याच्या आवडीचं कालवण कर ना, चिंच घालून." मी रोज एक निमित्त सांगायचे. ओहोटी नाही, मिळाल्या नाहीत, तुझ्या दादाला वेळ नाही. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती. पोरीला सांगू तरी काय, की लहानपणापासून तुला जे भरवलं त्याचीच मला आता भीती वाटते? म्हणून तुझ्या रिझल्टकडे डोळे लावून बसले होते. हो म्हणालीस तर चूल पेटवणार, नाही म्हणालीस तर तिला सांगणार. आणि तू म्हणालीस, समोर बसून सांगते.

दहाव्याला खाडीवर गेलो. तिवरांच्या कडेलाच पिंड ठेवायचे होते. भावकीतल्या पोरांनी फावडी आणली, जागा साफ करायला वाकली, तर आय, जिला दोघींनी धरून आणलेलं, ती एकदम ओरडली. "हात न्हाय लावाचा! हेमाला चिकल तसाच लागतं!" सगळे थबकले. भटजींनी तुझ्या दादाकडे बघितलं. दादा पुढे झाला आणि तसाच, चिखलावर केळीचं पान अंथरून, त्यावर पिंड ठेवले. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा मोकळी रडले ती तिथे.

काल सकाळी सरिता आली. तुझ्या हाताखालची, तीच जिनं फोन केला होता. हातात पांढरी बर्फाची पेटी. मला वाटलं, काही फराळाचं आणलंय. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि मी धीर करून विचारलंच, "हेमा रविवारी काय सांगणार होती गं?"

तिनं हळू आवाजात सांगितलं. पाइपातला गाळ मोजून झालाय. पुराचा थर अगदी स्पष्ट दिसतो, डोंगरावरची जुनी माती, आकाशातलं ते शिसं तिच्यात जेमतेम. आणि काकू, म्हणाली, त्या मातीत विषारी धातू उलट कमी आहेत. खरे आहेत ते तिच्या खाली. मॅडमच्या जन्माच्या खुणेपाशी गाळ जवळजवळ स्वच्छ आहे, नंतर हळूहळू वाढत आलंय. मी विचारलं, रेश्मा पाळण्यात होती तेव्हाच्या थरात? ती म्हणाली, थोडं आहे.

म्हणजे पूर नव्हता, हेमा. आपण इतके दिवस पुराला शिव्या घातल्या, आणि त्यानं तर आपल्या घाणीवर डोंगराची माती आणून घातली. ती आयनं खरवडून काढली. हे मी आयला सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही. तूही सांगितलं नसतंस, एवढं मला माहीत आहे. पण मी भरवलेला एकेक घास माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. काटे काढून, बोटानं चुरून, फुंकर घालून.

"आणि मासा?" मी विचारलं. "माशात आहे का?"

"मासे मोजलेच नाहीत अजून," सरिता म्हणाली. "गाळात आहे म्हणून माशात असेलच असं नाही, आणि नसेलच असंही नाही. मॅडम रविवारी तेच घ्यायला येणार होत्या. ही पेटी त्यांनीच काढून टेबलाखाली ठेवली होती."

मी त्या पेटीवर हात ठेवला. तू रविवारी नुसती वाईट बातमी घेऊन येणार नव्हतीस. निवट्या न्यायला येणार होतीस. माझा अर्धा जीव भांड्यात पडला आणि अर्धा तसाच टांगलेला.

तेवढ्यात तुझा दादा खाडीवरून आला, टोपलीत निवट्या उड्या मारतायत. सुतक फिटलं की तिखटाचं जेवण, त्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं पहिलं त्याच्या पानावर, आणि मग त्याच भांड्यातला एकेक घास घरातल्या सगळ्यांनी खायचा, ही आपल्याकडची रीत. आयनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, हेमाच्या पानावर निवट्याच. नको म्हणावं तर तुझ्या पानाचा अपमान, आणि हो म्हणावं तर रेश्माच्या पुढ्यात तोच घास. पोटुशी बाईनं गेलेल्या माणसाचा घास नाकारला तर भावकी काय काय बोलेल, तेही ठाऊक. सरितानं निम्म्या निवट्या पेटीत बर्फात घातल्या, पुढच्या आठवड्यात फोन करते म्हणाली आणि गेली. उरलेल्या मी राख लावून साफ केल्या. डोळ्यांकडे बघितलं नाही.

चिंच, हिरवी मिरची, कोथिंबीर. घरभर वास सुटला. रेश्मा चुलीपाशी येऊन उभी राहिली, "आई, आत्यानं हट्ट पुरवला बघ माझा." मी तोंड फिरवलं. पंगत बसली. दारात तुझं पान वाढलं, वर एक मोठी निवटी, अख्खी. मग आय उठली, सगळ्यांच्या ताटात आपल्या हातानं एकेक घास ठेवत निघाली. दादाच्या, शेलारच्या मावशीच्या, माझ्या. रेश्माच्या ताटात ठेवला. रेश्मानं तो उचलला. माझा हात वर झाला.

आणि आयनं रेश्माचं मनगट धरलं.

"थांब गो. हेमाना सांगला न्हाय अजून."

सकाळी मी आणि सरिता ओट्यावर कुजबुजत होतो, तेव्हा आय आत डोळे मिटून पडली होती. किती ऐकलं, किती समजलं, मला माहीत नाही. मावशी बोलायला लागली, "अगो, रीत हाय..." आयनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रेश्माच्या बोटांतून तो घास काढून घेतला, दारापर्यंत गेली, खाली बसली आणि तुझ्या पानावर ठेवला.

"तू खा गो आदी," तुला म्हणाली. "मंग सांग."

रेश्मानं वरणभात खाल्ला. रात्री मी तिला सगळं सांगितलं, पाळण्यापासूनचं. ती बराच वेळ माझा हात पोटावर धरून बसली. रागावली नाही, म्हणून मला जास्त रडू आलं.

आज सकाळी दारातलं पान रिकामं होतं. कावळ्यानं नेलं की मांजरानं, कोण जाणे. आयनं ते पाहिलं, पान उचललं आणि फोनच्या स्टुलापाशी जाऊन बसली. मी म्हटलं, आय, सरिताचा फोन पुढल्या आठवड्यात यायचाय, उठा, दोन घास खा. ती म्हणते, "हेमाना खाल्लान. आता तिचा फोन येल."